बांगड्यांच्या दुकानातलं नेटवर्क

"मेकॅनिक कुठाय?"

दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून आत्यांनी विचारलं, तेव्हा मी टेम्पोतून नुकतीच खाली उडी मारली होती. खांद्यावर निळ्या केबलचं भेंडोळं, हातात हत्यारांची पिशवी, केसांत थर्माकोलचे गोळे.

"मीच की," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्यामागं टेम्पोत वाकून बघितलं, आत कुणी लपून बसलंय का म्हणून. मग ड्रायव्हरकडं आशेनं बघितलं. तो घाबरून म्हणाला, "मी न्हाय हो मावशी, मी नुसता गाडीवाला."

त्यांच्या शेजारी एक उंच, सडपातळ तरुण उभा होता. तो म्हणाला, "आ-आत्या, ह्या शि-शिक..."

"शिकायला आल्यात व्हय!" आत्यांचा चेहरा उजळला. "मग असं सांग की. मेकॅनिक मागनं येत असंल. ये गं पोरी, पाणी पी."

तरुणानं तोंड मिटलं. त्याला 'शिकलेल्या आहेत' म्हणायचं होतं हे मला पुढं कळलं, आणि तेही त्यानं बोलून नाही, लिहून कळवलं.

गडहिंग्लजच्या बाजारपेठेत अनसूयाआत्या कासारांचं बांगड्यांचं दुकान होतं. पुढं काचेच्या कपाटांत बांगड्यांच्या रांगा, कोपऱ्यात एसटीडी फोनचं काचेचं खोपटं, आणि मागं एक लांबट खोली. त्या खोलीत पूर्वी बांगड्यांच्या पेट्या आणि पेंढा असायचा. तिथं इंटरनेट कॅफे काढायचं भाच्याच्या डोक्यात होतं. भाचा म्हणजे पायरीवरचा तो तरुण, दिगंबर. आईवडील लहानपणीच गेलेले. आत्यांनीच त्याला वाढवलं. तो बोलताना अडखळायचा. शाळेत पोरं त्यावरून चिडवायची, तेव्हापासून आत्यांनी सवय लावून घेतली होती. तो अडला की त्या धावून जायच्या आणि वाक्य पुरं करून टाकायच्या. त्यात मायाच होती. फक्त पहिलं अक्षर हाती लागलं की त्या कुठल्याही दिशेला पळत सुटायच्या.

मी शैलजा, आजऱ्याची. कोल्हापुरात हार्डवेअर आणि नेटवर्किंगचा कोर्स केला होता, वर्गात एकटी मुलगी. ज्या डीलरकडं कामाला होते त्या मेंगाणेसाहेबांनी पहिल्यांदाच मला एकटीला पाठवलं होतं. "हे जमलं तर पुढची सगळी कामं तुझी," ते म्हणाले होते, "न्हाय जमलं तर काउंटरवर बसून बिलं फाड." त्यामुळं आत्यांनी दिलेलं पाणी मी एका दमात प्यायले आणि थेट पेट्या फोडायला लागले.

आत्या दुपारपर्यंत मेकॅनिकची वाट बघत होत्या. मी मशीन उघडून त्यात नेटवर्कचं कार्ड बसवलं, झाकण लावलं, चालू केलं, पडदा उजळला, तेव्हा कुठं त्या म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे तूच हायस!" आणि त्या क्षणापासून त्यांनी पक्षच बदलला. बांगड्या भरायला येईल त्या प्रत्येक बाईला मागच्या खोलीच्या दारात आणून उभी करायच्या. "ही बघ आमची मेकॅनिक. पोरगी हाय, पण हात बघ कसा चालतोय." बाया कौतुकानं बघायच्या, आणि मी टेबलाखाली पालथी पडून केबल ओढत असायचे.

दिगंबर माझ्या बरोबरीनं राबत होता. केबलच्या टोकाला प्लग लावायचा तर आत आठ बारीक तारा असतात, रंगीत, केसांसारख्या. त्या ठरलेल्या क्रमानं शेजारी शेजारी धरून प्लगमध्ये सरकवायच्या आणि पकडीनं दाबायच्या. मला ते शिकायला आठवडा लागला होता. त्याला मी एकदा दाखवलं, आणि दुसरा प्लग त्यानं स्वतः केला. जन्मभर बायकांच्या मनगटांवरून काचेच्या बांगड्या न फोडता चढवलेले हात ते. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा तारा त्याच्या चिमटीत गुमान रांगेत उभ्या राहायच्या. मी "वा!" म्हटलं की त्याचे कान लाल व्हायचे. मग मी मुद्दाम जास्त वेळा "वा!" म्हणायला लागले.

बोलणं मात्र होत नव्हतं. तो काही विचारायला तोंड उघडायचा आणि पुढच्या दुकानातून आत्यांचा आवाज यायचा.

"तु-तुम्हाला च..."

"चप्पल? चप्पल सापडंना व्हय तिची? बाहेर हाय बघ पायरीवर!"

चहा हवा का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

तिसऱ्या दिवशी सगळं जोडून झालं. प्लायवूडचे पाच छोटे कप्पे, प्रत्येकात एक मशीन, भिंतीवरून पांढऱ्या पट्टीत गेलेल्या केबली, आणि खोलीच्या तोंडाशी काउंटरवर सहावं मशीन आणि हब. हब म्हणजे सगळ्या केबली जिथं येऊन मिळतात ती चपटी पेटी. मी एक नंबरवर बसून एकेका मशीनला हाक मारायला लागले. नेटवर्कवर अशी हाक मारता येते. समोरच्यानं ऐकली तर पडद्यावर उत्तर उमटतं. दोन नंबरनं ओ दिली. तीननं दिली. पाचनंही दिली. चार नंबर गप्प.

कार्ड बदललं. प्लग कापून नवा लावला. मशीन तीनदा बंद करून चालू केलं. चार नंबर आपला ढिम्म. दुसऱ्या दिवशी उद्‌घाटन होतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर मेंगाणेसाहेबांचं बिलबुक नाचायला लागलं.

दिगंबर भिंतीशी वाकून पट्टीवर कान लावल्यासारखा बघत होता. एकदम वळून म्हणाला, "खि-खिळ..."

"खिडकी!" आत्या पुढून ओरडल्या. "उकडतंय व्हय? थांब, उघडतो." आणि त्यांनी येऊन धाडदिशी खिडकी उघडली. वाऱ्यानं पेंढ्याचा उरलासुरला कचरा सगळ्या मशीनांवर पसरला. दिगंबरनं हात जोडले, पक्कड उचलली आणि पट्टीतला एक खिळा उपटून माझ्या हातावर ठेवला. त्यानंच ठोकलेला खिळा, सरळ केबलच्या पोटातून आरपार गेला होता.

नवी केबल ओढली. हाक मारली. चार नंबरनं ओ दिली.

मी किंचाळले. नुसती किंचाळले नाही, जागच्या जागी उड्या मारल्या. जुन्या लाकडी जमिनीवर मी उडी मारली की पुढच्या दुकानातल्या सगळ्या बांगड्या एकदम किणकिणायच्या, आणि ते ऐकून मी आणखी मारल्या. दिगंबर भिंतीला टेकून हसत होता. त्याचं हसू अजिबात अडखळत नव्हतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

एक शेवटची चाचणी राहिली होती. त्या काळी विंडोजमध्येच एक छोटा प्रोग्रॅम असायचा, एका मशीनवरून दुसऱ्यावर निरोप पाठवायचा. मी पाच नंबरच्या कप्प्यात, तो काउंटरवर. मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, "दिसतंय का?"

क्षणभरानं माझ्या पडद्यावर चौकट उघडली.

"दिसतंय. हळू वाचा. आत्यानं ऐकलं तर पुढचं तीच सांगेल."

मी तोंडावर हात दाबला. प्लायवूडच्या पलीकडं फक्त कळफलकाचा खडखडाट ऐकू येत होता, इतका भरभर की मला वाटलं दुसरंच कुणी बसलंय.

"तुम्ही आलात त्या दिवशी मी 'शिकलेल्या आहेत' म्हणत होतो."

"आणि चप्पल?"

"चहा. तीन दिवस चहाच विचारतोय. तुम्ही तीन दिवस चप्पल शोधताय."

मी हसू दाबताना खुर्चीवरून घसरायच्या बेतात आले. तेवढ्यात पुढची चौकट उघडली.

"आता बाहेर लक्ष द्या. आत्या पाटीलकाकूंना सांगतेय की तुम्ही विमानंसुद्धा दुरुस्त करता."

मी कप्प्यावरून मान उंच करून बघितलं. पुढं पाटीलकाकू आ वासून ऐकत होत्या आणि आत्यांचे दोन्ही हात पंखांसारखे पसरलेले होते.

"माझं असंच होतं," त्यानं लिहिलं. "मला रामफळ पाहिजे असतं. मी 'फळ' म्हणेपर्यंत आत्या सीताफळ घेऊन येते. एवढ्या मायेनं आणते की नको म्हणवत नाही. लहानपणापासून सीताफळच खातोय. मला सीताफळ आवडत नाही."

त्या संध्याकाळी मी माझी नेहमीची आजरा गाडी चुकवली. पुढचीही. आम्ही दोघं एकाच खोलीत, पाच पावलांवर, पाठीला पाठ करून बसलो होतो आणि बोटं दुखेपर्यंत लिहीत होतो. माझ्या वर्गातल्या मुलांनी माझ्या पिशवीत मेलेला सरडा टाकला होता ते मी सांगितलं. ते मी घरीही सांगितलं नव्हतं. त्यानं लिहिलं, "सरडा परत टाकला की नाही?" मी लिहिलं, "सरांच्या टेबलात." पलीकडून तो एवढ्या मोठ्यानं हसला की आत्या धावत आल्या.

"काय झालं?"

"चाचणी चाललीय, आत्या," मी म्हटलं. "उत्तम चाललीय."

उद्‌घाटनाच्या दिवशी सकाळी मी शेवटची तपासणी केली. त्या निरोपाच्या प्रोग्रॅममध्ये दोन पर्याय असायचे. एका मशीनला निरोप, नाहीतर गटातल्या सगळ्या मशीनांना. सगळ्या पडद्यांवर एकदम चौकट उघडते का हे बघायला काउंटरवरच्या मशीनवरून मी तो दुसरा पर्याय निवडला, पाठवलं, सगळीकडं उघडली. मी खूश होऊन फुलांच्या माळा लावायला उठले.

दुकानात माणूस मावत नव्हता. बाजारपेठेतले सगळे शेजारी, फीत कापायला निवृत्त हेडमास्तर चौगुले गुरुजी, पेढ्यांचा वास, उदबत्तीचा धूर. आणि संकेश्वराहून आलेलं एक कुटुंब, तांबटांचं. वडील, आई आणि ललिता नावाची त्यांची मुलगी. ती चष्मेवाली, हसऱ्या डोळ्यांची. हे कोण म्हणून मी विचारायच्या आत गुरुजींनी फीत कापली, टाळ्या झाल्या आणि आत्या मधोमध उभ्या राहिल्या.

"आज दुहेरी आनंदाचा दिवस हाय," त्या म्हणाल्या. "हे संकेश्वरचे तांबट. आपल्यातलेच. ह्यांच्या ललितासाठी मी आमच्या दिगूला काल विचारलं. तर तो काय म्हणाला? म्हणाला, 'आत्या, तू म्हणशील तसं!'"

मी काउंटरकडं बघितलं. तिथं बसलेल्या दिगंबरचा चेहरा माळेतल्या शेवंतीसारखा पिवळा पडला होता. तो उठला. "मी म-म्हणालो, 'तू म...'"

"तू म्हणशील तसं! तेच सांगतोय मी!" आत्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मायेनं खाली बसवलं. टाळ्या पडल्या. 'तू मला बोलू दे' असं तो म्हणत होता, हे त्या गर्दीत फक्त मला कळत होतं.

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी माळेचा दोरा हातात घेऊन पाच नंबरच्या कप्प्यात जाऊन बसले, काहीतरी काम आहे असं दाखवत. बाकीच्या कप्प्यांत पाहुणे हौसेनं बसले होते. गुरुजी एक नंबरवर, तांबट दांपत्य दोनवर, पाटीलकाकू तीनवर, ललिता चारवर.

काउंटरवरून कळफलकाचा खडखडाट आला. भरभर, न थांबता. मग शांत.

माझ्या पडद्यावर चौकट उघडली. मी वाचायच्या आत चार नंबरमधून ललिताचा खणखणीत आवाज आला.

"'शैलजा, आत्यानं परत सीताफळ आणलंय.'"

खोली चक्रावली.

"मी?" आत्या म्हणाल्या. "मी पेढे आणलेत!"

"माझ्याकडं पण तेच आलंय," पाटीलकाकू ओरडल्या. "सीताफळ!"

"थांबा, पुढं हाय," ललिता म्हणाली. तिचा आवाज आता हसण्यानं थरथरत होता. "'मला तुम्ही पाहिजे. गेले चार दिवस तेच सांगायचंय. मी तुम्हाला चालेन का? घाई नाही, सावकाश सांगा. दिगंबर.'"

सकाळी मी ठेवलेला पर्याय तसाच राहिला होता. त्यानं बघितलाच नव्हता.

चौगुले गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि गंभीरपणे विचारलं, "हे आता अमेरिकेत पण दिसलं का?"

"आई गं!" आत्या मटकन स्टुलावर बसल्या. "अख्ख्या जगात?"

"नाही हो गुरुजी," मी आतून म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "फक्त या खोलीत."

"ह्या खोलीत म्हणजे गडहिंग्लजात झालंच की!" कुणीतरी मागून म्हणालं.

ललिता कप्प्यावरून वाकून माझ्याकडं बघत होती. "म्हणजे सीताफळ मीच व्हय?" ती म्हणाली आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसली. मग हळूच, "मला पण ह्या भानगडीत न्हाय पडायचं. मला बी.एड. करायचंय. उत्तर द्या की लवकर!"

मी कळफलक जवळ ओढला. समोर तेच दोन पर्याय. एका मशीनला, की सगळ्यांना. मी कोर्समध्ये पहिली आले होते. मला फरक चांगला ठाऊक होता. त्याला एकट्याला पाठवलं असतं तर संध्याकाळपर्यंत आत्यांनी त्याचं काहीतरी वेगळंच करून अख्ख्या पेठेत सांगितलं असतं. माझ्या कानांत चार नंबर जुळला तेव्हासारख्या बांगड्या वाजत होत्या.

मी 'सगळ्यांना' निवडलं. एकच शब्द लिहिला.

सगळ्या पडद्यांवर एकदम चौकट उघडली. यावेळी गुरुजींनी वाचलं, परिपाठ घेतल्यासारखं, एकेक अक्षर सुटं करून.

"चा-ला-ल."

जो गलका झाला तो काय सांगू! पाटीलकाकूंनी पेढ्यांचं ताट उचलून स्वतःच वाटायला सुरुवात केली. ललिताचे वडील "म्हणजे आम्ही कशाला आलो?" असं प्रत्येकाला विचारत होते, आणि प्रत्येक जण त्यांच्या हातावर पेढा ठेवत होता. आत्या उठल्या. गलका विझला.

"दिगू," त्या म्हणाल्या, "हे तू लिहिलंस?"

तो काउंटरमागून बाहेर आला. "आत्या, म-म-म..." शब्द अडला. आत्यांचं तोंड उघडलं. सगळ्या दुकानानं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले, पदराचं टोक तोंडात धरलं, आणि थांबल्या. पहिल्यांदाच थांबल्या. आम्ही सगळे थांबलो. बाहेरून एक टमटम गेली.

"...मीच लि-लिहिलं," तो म्हणाला. "सगळ्यांना गेलं ते चु-चुकून. पण लिहिलंय ते बरोबर हाय."

आत्यांचे डोळे भरले. त्या माझ्याकडं वळल्या आणि भडकल्या. "आणि तू! विमानं दुरुस्त करतीस म्हणून गावभर सांगत सुटलो मी! ना जातीची ना पातीची, ना कुणाला विचारलंस..." बोलता बोलता त्यांनी माझं मनगट पकडलं. मी कामात बांगड्या घालत नसे. त्यांची बोटं माझ्या हाताच्या कंगोऱ्यांवरून फिरली, अंगठा दाबून बघितला. तोंड रागावत होतं आणि हात आपले माप घेत होते. ते त्यांच्याही लक्षात आलं, आणि त्या रडता रडता हसल्या.

"मग ते इंटरनेट राहिलंच की," चौगुले गुरुजी म्हणाले.

दिगंबरनं फोनच्या तारेला जोडलेला मोडेम चालू केला. किंचाळत, घरघरत, शिट्या मारत तो एकदाचा जोडला गेला, आणि लोकांनी लग्नातल्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

पुढं दोन्ही घरांत जे व्हायचं ते झालं, अबोले, बैठका, नातेवाइकांचे सल्ले. वर्ष गेलं त्यात. मेंगाणेसाहेबांनी मला पुढची कामं दिली. कॅफे चांगला चालला आणि घराघरात मोबाईल आले तसा एक दिवस बंद झाला; आता त्या खोलीत पुन्हा बांगड्यांच्या पेट्या आहेत, आणि आम्ही दोघं पेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. ललिता संकेश्वरात शिकवते, दिवाळीला येते.

पण मला आठवते ती त्या दिवसाची संध्याकाळ. आजरा गाडीत खिडकीशी बसले होते आणि हसू आवरत नव्हतं. एकटीच हसत होते, पदरानं डोळे पुसत होते, परत हसत होते. कंडक्टर तिकिटाची पेटी खडखडवत आला.

"ताई, हसताय का रडताय?"

"लग्न ठरलं माझं," मी म्हटलं.

"अरे वा! कुणी जमवलं?"

"मी. आत्ताच."

त्यानं पेन्सिल कानामागं खोचली. "घरी म्हाईत हाय?"

"नाही. पहिल्यांदा तुम्हालाच सांगतेय."

पुढच्या सीटवरची भाजीची पाटी घेतलेली बाई वळली, पाटी मांडीवर घेऊन सरकली. "हिकडं ये गं," ती म्हणाली, "सगळं सांग. सुरुवातीपासनं." मी उठून तिच्याजवळ बसले आणि सुरुवातीपासनं सांगितलं. मागच्या सीटवरची माणसं पुढं सरकली. ड्रायव्हरनं दोनदा "मोठ्यानं सांगा की, मला ऐकू येईना" म्हणून ओरडून सांगितलं. घाटाच्या वळणावर मी चार नंबरवर होते, नदीच्या पुलावर सीताफळावर, आणि आजऱ्याच्या वेशीत गाडी शिरली तेव्हा 'चालाल'वर पोचले. अख्खी गाडी हसत स्टँडवर थांबली.

आप्पा मला न्यायला आले होते. सायकल धरून, टोपी नीट करत दाराशी उभे. माझ्या आधी उतरलेल्या एका म्हाताऱ्यानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, जोरजोरात हलवला आणि म्हणाला, "अभिनंदन हो! लई गुणाचा जावई मिळाला तुम्हांला!"

आप्पांनी त्याच्याकडं बघितलं, मग गाडीच्या पायरीवर उभ्या असलेल्या माझ्याकडं.

"कुणाला?" त्यांनी विचारलं.